पांढरीची मोजणी

बाळू गेला त्या हिवाळ्यात मी डावीकडे कलून चालत असे. दीड वर्ष त्याला कडेवर घेऊन हिंडले होते, त्याच्यासाठीच सातवीनंतर माझी शाळा सुटली होती. कड रिकामी झाली तरी कंबरेला ते कळायला बराच काळ लागला. विहिरीवर बायका बघायच्या आणि नजर दुसरीकडे वळवायच्या. तो माझा एकुलता भाऊ, माझ्या पाठीवर फार वर्षांनी झालेला. त्याला गोवर निघाला, अंगावर उमटला आणि मग आत गेला, असं फुई सांगायची. फुई म्हणजे आबांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा होऊन माहेरी आलेली आणि मग आमच्याच घरात राहिलेली. गोवर आत जाणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पुढे डॉक्टर जावयाला विचारलं, तर तो म्हणाला, निमोनिया झाला असेल. मी बरं म्हटलं. या वयात शब्द बदलून काय होतं?

लहान मूल आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. आबांनी त्याला आपल्या धुतलेल्या उपरण्यात गुंडाळलं आणि खांद्यावर कुदळ घेऊन ते एकटेच गेले. बायकांनी जायचं नसतं. आईला तर जागासुद्धा सांगायची नसते. ती तिथे जाऊन बसते आणि मग पुढचं मूल टिकत नाही, असं म्हणत. आबा परत आले, विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या धोतरानेच बैलांना कडबा टाकला. माय चुलीपाशी बसली होती. तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तेव्हापासून त्या दोघांमधलं बोलणं भाकरी, पाणी, बैल आणि कापूस एवढ्यावर आलं.

रडारड झाली ती शेजारणींची. आमच्या घरात कोणी रडलं नाही. माय सकाळी गोठ्यामागे जायची आणि अंगातलं दूध मातीत पिळून यायची. फुईने तिच्या छातीला जुन्या लुगड्याचा पट्टा आवळून बांधला होता. मग पोटाला लागेल तसा स्वयंपाक व्हायचा. दादरची, म्हणजे रब्बीच्या ज्वारीची, भाकरी, उडदाचं घुटं, एखादे दिवशी कढी आणि फुणके. फुणके म्हणजे तुरीच्या वाटल्या डाळीचे वाफवलेले मुटके. बाळूला कढीत बुडवून त्याचा चुरा भरवायचे मी. पहिल्यांदा पुन्हा फुणके झाले तेव्हा माझ्या ताटात तीन होते. तिन्ही मी खाल्ले आणि चवही चांगली लागली. मला त्याचं काही वाटलं नाही, आणि वाटलं नाही याचंही काही वाटलं नाही. दुपारी तापीच्या काठावर पाणी ओढणारं इंजीन टुकटुक करत राहायचं. घरात आवाज म्हणाल तर तेवढाच.

आमचं नदीकडचं वावर गावात पांढरी म्हणून ओळखलं जायचं. बाकीच्या शिवारात काळी कसदार जमीन, आणि मध्येच ही राखेसारखी पांढरट, जराशी उंचावलेली. जिथे फार पूर्वी गाव वसून उठलेलं असतं तिथली माती अशी होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नांगराला खापरं लागायची, कधी गुळगुळीत मणी निघायचा. त्या साली आबांनी दादर काढल्यावर खोल नांगरट केली तेव्हा लाल रंगाची, काळ्या रेघा काढलेली खापरं टोपलीभर निघाली. गावच्या मास्तरांनी ती कापडात बांधून धुळ्याला नेली. आमचा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता. महिन्याभराने तिथल्या कॉलेजातले फडणीस सर दोन विद्यार्थ्यांना घेऊन आले. उंच, वाळकेसे, बोलताना सारखा चष्मा पुसणारे. ते पांढरीत दिवसभर फिरले आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. मास्तरांनी गावातली चार माणसं बोलावली होती. आबा खांबाला टेकून होते. माय दाराच्या आत, मी तिच्या मागे.

सरांनी सांगितलं ते असं. सगळं वावर खणणं शक्य नाही, आणि आंधळेपणाने खणलं तर आहे तेही मोडेल. म्हणून आधी मोजणी करायची. ओळीने चार सळ्या जमिनीत ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांमधून थोडी वीज सोडायची, आणि ती मातीतून किती अडत जाते ते आतल्या दोन सळ्यांवर पेटीतली सुई दाखवते. खाली दगड असले, भिंत असली, तर वीज अडते. पूर्वी कोणी खणलेला खड्डा असला तर त्यातली माती ओल धरून राहते, तिथून वीज सहज निघून जाते. मग सळ्या उचलायच्या, पुढे ठोकायच्या, असं करत सगळं वावर पालथं घालायचं. त्याला माणसं लागतील. सळ्या ठोकायला, दोऱ्या धरायला. जमीन वाळलेली आहे, म्हणून प्रत्येक सळीशी मिठाचं पाणी ओतायला बायाही लागतील. गाव आलं तर होईल, नाहीतर नाही.

सगळे आबांकडे बघायला लागले, कारण वावर त्यांचं. "करा," आबा म्हणाले. त्या दिवसांत ते कशालाच नाही म्हणत नसत.

तेवढ्यात माय दारातून बोलली. पदर पुढे ओढलेला, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "कितला जुना खड्डा समजस त्याले?"

सरांना अहिराणी थोडीथोडी कळायची. ते म्हणाले, "हजारो वर्षांपूर्वीचाही कळतो, वहिनी."

"आनि नवा?"

"नवा तर आणखी चटकन कळेल."

ओट्यावर गावची माणसं होती, त्यांना माहीत होतं. फक्त सरांना आणि त्यांच्या पोरांना माहीत नव्हतं. आबा उठले आणि बैल बघून येतो म्हणून गोठ्याकडे गेले. फुईने आतून मायचं मनगट धरलं. मायने ते सोडवून घेतलं नाही, पण मागेही सरली नाही. ती तशीच दारात उभी राहिली, सर जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घागर उचलली. फुई म्हणाली, "कोठे चालनी व?"

"पानी टाकाले," माय म्हणाली आणि निघाली. बाळू गेल्यापासून ती वावरात गेली नव्हती. मीही कळशी घेऊन मागे गेले.

दादर निघालेली, कापूस वेचून झालेला, गावाला तेव्हा हाताशी काम नव्हतं. सगळं गाव लोटलं. पांढरीत काथ्याच्या दोऱ्या ताणल्या होत्या, पश्चिमेच्या बांधापासून पूर्वेच्या बांधाकडे पट्टे पाडत जायचं होतं. लाकडी पेटीला हाताने फिरवायचा दांडा होता, काचेखाली सुई. एक विद्यार्थी दांडा फिरवायचा, सर वाकून सुई बघायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचे, दुसरा तो कागदावर मांडायचा. म्हाताऱ्या बाया पहिल्या दिवशी लांबूनच पाणी फेकायच्या. वीज पाण्यातून पायाला चढेल अशी त्यांना भीती होती. मग एकीने धीर केला, काही झालं नाही, आणि बाकीच्या हसत पुढे आल्या. माणसं पैजा लावायची. कोणी म्हणे सोन्याची घागर निघेल, कोणी म्हणे राजाचा वाडा. पोरांना सळ्या उपसायला देत, त्यांच्यात मारामाऱ्या होत. मला ते सगळं काचेपलीकडचं वाटायचं. सळी ठोकली की मी तिच्या बुडाशी पाणी ओतायचे, माती चुर्र करून ते प्यायची, आणि मी पुढच्या सळीकडे जायचे. हाताला काम होतं, डोक्याला नव्हतं. खरं सांगायचं तर बाळू गेल्यानंतरचे ते दिवस मला सगळ्यात सोपे गेले.

आबा काम करत नव्हते. ते पूर्वेच्या बांधाजवळ, कोपऱ्यातल्या हिवराच्या झाडाखाली सकाळी येऊन बसायचे आणि दुपारी जेवायलाही उठायचे नाहीत. बोलावलं तर हात हलवायचे. गडी आबांबद्दल म्हणायचे, पाटलाला ऊन लागतंय. माय सुईकडे एकदाही बघत नव्हती. ती पाणी ओतायची, कंबर सरळ करायची आणि त्या हिवराकडे बघायची. दोऱ्या रोज थोड्या पूर्वेकडे सरकत होत्या. मला काय चाललंय ते उशिरा समजलं. समजल्यावर मी आबांकडे बघणं बंद केलं.

दोऱ्या हिवरापाशी पोचल्या त्या दिवशी आबा उभे राहिले. गड्याने सळी रोवून घण उचलला होता.

"आठे नको," आबा म्हणाले.

सरांनी चष्मा काढला. "का हो? एकच ओळ राहिली आहे."

ज्याच्या हातात घण होता त्याने तो खाली ठेवला. दोऱ्या धरलेली माणसं जमिनीकडे बघू लागली. सरांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग मास्तर पुढे होऊन त्यांच्या कानाशी काही बोलले. सरांचा चेहरा पडला. ते विद्यार्थ्यांना हळूच म्हणाले, "सळ्या काढा. हा कोपरा सोडून द्या."

"काढू नका," माय म्हणाली.

तिने घागर खाली ठेवली आणि आबांच्या समोर जाऊन उभी राहिली. चारचौघांत ती नवऱ्याशी अशी समोर उभी राहून कधी बोलली नव्हती. आमच्याकडे कोणीच बोलत नसे. पदर डोक्यावरून घसरला होता तोही तिने सावरला नाही.

"आठे शे?"

"हा."

"खोल करेल शे का?"

"मन्ही छातीइतला."

"कोल्हा..."

"वर दगड ठेवात," आबा म्हणाले. "नदीवरथीन आनात. मोठला मोठला."

माय म्हणाली, "माले काबरं नही सांगं?"

"तू इचारंच नही."

एवढंच. इतके दिवस एका घरात, एका चुलीवरचं खाऊन, ती रोज कोल्ह्यांचा विचार करत होती आणि त्यांच्याकडे उत्तर होतं. संध्याकाळी नदीकडून कोल्हेकुई सुरू झाली की ती परातीतलं पीठ जोरजोराने मळायला लागायची, ते मला तेव्हा आठवलं. मला वाटायचं भाकरीची घाई आहे.

ती सरांकडे वळली. "भाऊ, लावा तुमनी सुई."

सरांना ते नको होतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण ती तिथून हलणार नाही हेही दिसत होतं. त्यांनी विद्यार्थ्याला बाजूला केलं आणि दांडा स्वतः हातात घेतला. सळ्या ठोकल्या त्या आबांनी, घणाने नव्हे, एका गोट्याने, हलक्या हाताने. मिठाचं पाणी मायने ओतलं, चारही सळ्यांशी. पेटीचा दांडा घरघरला. सर सुईवर वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. आकडा त्यांनी सांगितला नाही.

"दगड आहेत, वहिनी," ते म्हणाले. "नीट रचलेले आहेत. खालची माती एकदाच हलवलेली आहे. नंतर कोणी उकरलेली नाही."

पुढे माझ्या नातवाने भूगर्भशास्त्र घेतलं. त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आजी, दगड कदाचित कळले असतील, पण उकरलंय की नाही एवढं त्या जुन्या यंत्राला कळणं शक्य नाही. असेल. सरांना ते आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. मायने त्यांना हात जोडले आणि हिवराखाली जाऊन बसली. लोक हळूहळू पांगले. सूर्य कलेपर्यंत ती आणि आबा तिथे बसले होते, मध्ये दोन हात अंतर ठेवून. मी रिकामी घागर आणि कळशी घेऊन घरी आले आणि भाकरी टाकल्या.

मोजणीवरून सरांनी पश्चिमेच्या बाजूला जागा निवडली. चौकोन आखून गावच्या माणसांनी तो बोटबोटभर उतरवत नेला. सोन्याची घागर निघाली नाही. निघाली ती शेणाने सारवलेली असावी तशी एक टणक जमीन, चुलीची जळकी माती, खांबांची भोकं. कोणाचं तरी घर. आणि त्या जमिनीच्या खाली, चुलीपासून चार पावलांवर, दोन लहान रांजण आडवे ठेवलेले, तोंडाला तोंड लावून. एकाचा काठ फुटला होता. सरांनी ब्रशने आतली माती जराशी झाडली आणि थांबले. मग सगळ्यांना वर जायला सांगितलं.

पण गावात अशी गोष्ट झाकून राहत नाही. लहान लेकराची हाडं निघाली म्हणून बोंब झाली. फुईने दाराला लिंबाचा डहाळा बांधला. कोणी म्हणालं बुजवून टाका, कोणी म्हणालं तापीत सोडा, नाहीतर गावावर येईल. माय ते ऐकत तांदूळ निवडत होती. सूप तिने बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "चाल." आम्ही दोघी गेलो.

सर खड्ड्याच्या काठावर उभे होते. तिला बघून त्यांना काय करावं ते सुचेना. ती वाकून बघत राहिली. आत मातीच्याच रंगाचं काही होतं, पाखराच्या हाडांएवढं. बाजूला एक बोटभर वाटी.

"हाई कोनं ठेवं?" तिने विचारलं.

"त्याच्या आईबापांनी," सर म्हणाले. "तेव्हा अशी रीत होती. मूल गेलं की ते लांब नेत नसत. घरातच, जमिनीखाली ठेवत. डोकं या रांजणात, पाय त्या रांजणात. आणि वरून सारवून पुन्हा तिथेच राहत."

"घरमा?"

"हो. घरातच."

"आनि वर रांधेत, खायेत?"

"हो, वहिनी."

मायने मान हलवली. तिला ते पटलं की नाही मला सांगता येणार नाही. तिच्या चेहऱ्यावरून काही कळायचे दिवसच नव्हते ते. ती एवढंच म्हणाली की तापीत टाकू नका. आबा मागे येऊन उभे होते, त्यांनी गावाला ते सांगितलं. वावर त्यांचं, म्हणून कोणी पुढे बोललं नाही.

रांजण धुळ्याला न्यायचे ठरले. सरांनी ते आतल्या मातीसकट उचलले, काथ्याने बांधले, भोवती गोणपाट गुंडाळलं. कॉलेजची मोटार नाल्यातल्या वाळूमुळे फाट्यापर्यंतच यायची, तिथवर आमच्या बैलगाडीशिवाय इलाज नव्हता. गाडीत कडबा पसरला. सर म्हणाले, दचके बसले तर सगळं विसकटेल, कोणीतरी धरून बसलं पाहिजे. त्यांचा विद्यार्थी चढायला लागला.

"मी धरस," माय म्हणाली.

फुई ओरडलीच. "दुसरानं हाडं मांडीवर लेशी का? येडी व्हयनी का तू?"

माय गाडीत चढली, मांडी घालून बसली आणि हात पुढे केले. सरांनी ते गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. मी तिच्या पाठीला पाठ लावून बसले, तिला टेका मिळावा म्हणून. आबा गाडीवर बसले नाहीत. बैलांच्या पुढे कासरा धरून चालू लागले, खड्डा आला की बैलांना थोपवायचे, चाकापाशी वाकून बघायचे. फाट्यापर्यंतच्या वाटेवर माय मधूनमधून हलत होती, पुढे मागे, पुढे मागे. गाडीच्या हेलकाव्याने हलत होती असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. पण माझी पाठ तिच्या पाठीला लागलेली होती, आणि गाडी नाल्याच्या काठाशी उभी राहिली तेव्हाही ती हलतच होती.

फाट्यावर मोटार उभी होती. सरांनी दोन्ही हात पुढे केले. मायने गाठोडं उचललं, एक हात खाली, एक हात त्याच्या वरच्या टोकाशी, आणि देता देता अडली.

"हाई बाजूले डोकं शे," ती म्हणाली. "मान धरा."

"धरली," सर म्हणाले, आणि त्यांनी हात सरकवून खरंच तसं धरलं.

मोटार गेल्यावर आबांनी गाडी वळवली. आता गाडीत जपण्यासारखं काही नव्हतं, तरी ते पुढे चालतच राहिले, तसेच खड्डे चुकवत. बऱ्याच वेळाने मी वळून बघितलं. माय कडब्यावर आडवी झाली होती. तोंड उघडं, पदर बाजूला पडलेला, आणि भर उन्हात तिला गाढ झोप लागली होती. मी माझा पदर तिच्या तोंडावर धरला. गाव आलं, वाटेत लोक भेटले, आबांनी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं. गाडी दारात उभी करून त्यांनी बैल सोडले, जू अलगद खाली टेकवलं, आणि ती आपोआप जागी होईपर्यंत आम्ही तिला उठवलं नाही.